गुरांच्या वाड्यात दोन रात्री : दापोली किनाऱ्यावरच्या एका होमस्टेचा अनुभव

दिवाळी संपल्यावरचा शनिवार-रविवार धरला, त्याला सोमवार जोडला आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि माझी आई, चिपळूणवरून दापोलीला गेलो. राहिलो आंजर्ल्याच्या पुढे केळशीच्या वाटेवरच्या एका घरगुती होमस्टेत. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण होमस्टेच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, स्वतः सांगितलं, "लिही काय ते खुशाल, पण नाव नंबर नको टाकू, दोनच खोल्या आहेत आणि दिवसभर फोन उचलत बसायला घरात माणूस नाही." ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला मेसेज करा, काकांना विचारून नंबर देईन.

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. दोन खोल्यांपैकी एक जुन्या गुरांच्या वाड्यात आहे आणि एक भाताच्या कोठीत. वाड्यातली घ्या. कोठीतली सध्या तरी नको. का ते खाली सविस्तर लिहिते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वाडा म्हणजे पेशव्यांचा वाडा नव्हे, गुरांचा गोठा. खाली सिंधुदुर्गात शेतातल्या असल्या बांधकामाला मांगर म्हणतात. घरापासून वीस-पंचवीस पावलांवर, घराच्या पातळीपेक्षा थोडा खालच्या अंगाला, म्हणजे शेणमूत घराकडे न येता आगराकडे, म्हणजे माडांच्या बागेकडे, उतरलं पाहिजे. हा वाडा तसाच आहे. भिंती जांभा दगडाच्या, दीड हात रुंद, पण छपरापर्यंत नेलेल्याच नाहीत, वरचा हातभर भाग सगळीकडून मोकळा. काकांनी तिथे फक्त बारीक जाळी मारलीय, बाकी तस्संच ठेवलंय. त्यामुळे रात्री पंखा अर्ध्यावर ठेवूनही अंगावर चादर घ्यावी लागली. गुरांच्या अंगाची वाफ बाहेर जावी म्हणून ठेवलेली फट ती, आज माणसांच्या कामी येते. वर आईनाच्या लाकडाचे वासे, त्यावर रिपा म्हणजे आडव्या पट्ट्या, त्यावर मंगलोरी कौलं, सीलिंग नाही काही नाही, पडल्या पडल्या सगळं छप्पर दिसतं आणि मधे दोन काचेची कौलं आहेत त्यातून सकाळी साडेसातला उन्हाचे दोन पट्टे बरोबर पलंगाच्या पायथ्याशी येतात.

आता पलंगाचं सांगते. पहिल्या रात्री मुलगा म्हणाला आई पलंगाचे पाय लहानमोठे आहेत. खाली वाकून बघितलं तर खरंच, भिंतीकडच्या दोन पायांखाली काही नाही आणि दुसऱ्या दोन पायांखाली सागाची पाचर घातलेली. मला वाटलं सुतारकामाची चूक. सकाळी काकांना विचारलं तर ते म्हणाले जमीनच उतरती आहे, मोरीकडे. जनावरांचं मूत वाहून जायला वाड्याच्या जमिनीला जो उतार देतात तो त्यांनी मोडलाच नाही. गवंडी म्हणत होता भर टाकून सपाट करूया, टाइल बसवूया. काकांनी नाही म्हटलं आणि पलंगालाच पाचर मारली. तो उतार, ती दगडी पन्हळ, ती भिंतीतून बाहेर जिथे पडते तिथला खड्डा, सगळं जागच्या जागी आहे. आजही खोली धुतली की पाणी त्याच वाटेने बाहेर जाऊन नारळाला मिळतं. मला हे इतकं आवडलं ना, की मी त्या पन्हळीचेच सात-आठ फोटो काढले.

आणि गव्हाण. गव्हाण काढून तिथे वॉर्डरोब करणं सहज शक्य होतं, बहुतेक जण तेच करतात. इथे ती आहे, आणि तिच्यात आपण बॅगा ठेवायच्या. पुढची कड फणसाच्या जाड फळीची आहे आणि तिच्यावर पाच ठिकाणी वाटीसारखे खोलगट भाग झालेत, गुळगुळीत, तेल लावल्यासारखे. आईने त्यातल्या एकात तळहात ठेवला आणि म्हणाली, "पाच जनावरं होती." गुरं मान फळीवर टेकून खातात, वर्षानुवर्षं घासून घासून ते झालेलं. काकांनीही तेच सांगितलं नंतर, दोन बैल, दोन गायी, एक म्हैस. फळीला पॉलिश केलेलं नाही, वॉर्निश नाही. ती चकाकी गुरांचीच.

आता मी असल्या गोष्टींकडे एवढं का बघते त्याचं कारण सांगते, ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धाच राहील.

माझा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. २०२३ च्या जुलैत मी आणि आई महिनाभर त्याच्याकडे होतो. एका रविवारी तो म्हणाला जवळच एक कोठार आहे बघायला जाऊया. मला वाटलं एवढ्या लांब येऊन कोठार काय बघायचं. पण गेलो. ऑक्सफर्डशायरमध्ये ग्रेट कॉक्सवेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे शेताच्या कडेला ते उभं आहे, एकटंच. दगडी भिंती, वर दगडाच्याच पातळ फरश्यांचं उतरतं छप्पर, लांबी साधारण पंचेचाळीस मीटर. तेराव्या शतकाच्या अखेरीचं आहे, म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली, त्याच सुमाराचं, आणि लाकडं बरीचशी मूळचीच. ब्यूली नावाच्या मठाची तिथे शेती होती, त्या सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी धान्य ठेवायला बांधलेलं.

आत गेलो आणि आई बोलायचीच थांबली. आत मधोमध मोकळी जागा, दोन्ही बाजूंना ओकच्या खांबांच्या रांगा, आणि प्रत्येक खांब माणसाच्या डोक्याच्याही वर जाणाऱ्या दगडी ठोकळ्यावर उभा. आई त्या दगडाजवळ गेली, हात फिरवला आणि म्हणाली, "तळखडा गो हा. केवढा मोठा केलाय." आपल्या ओटीच्या खांबाखाली नसतो का दगड, लाकडाला जमिनीची ओल लागू नये, वाळवी चढू नये म्हणून, तोच. फक्त आपला वीतभर आणि त्यांचा पुरुषभर.

मग ती मधल्या दारात गेली. त्या कोठाराला दोन लांब भिंतींच्या मध्यावर समोरासमोर मोठी दारं आहेत. ती बरोबर मधे उभी राहिली आणि तिने हात वर केला, सूप धरतात तसा, डोक्याच्या वर, तिरका. म्हणाली, "इथून वारा येतो आणि तिथून जातो. इथे वारवत असणार." भाऊ बाहेरच्या फलकावरचं वाचून येत होता आम्हाला सांगायला, त्याने ते ऐकलं आणि म्हणाला आई तिथे हेच लिहिलंय. दोन दारांच्या मधली जी जमीन तीच मळणीची जागा. चामड्याने जोडलेल्या दोन काठ्या घेऊन त्याने पेंढ्या झोडपायच्या, मग दोन्ही दारं उघडून वाऱ्याच्या झोतात धान्य उधळायचं, भूस उडून जातं, दाणा खाली पडतो. आई चौथी शिकलेली आहे, इंग्रजी एक अक्षर येत नाही, आणि सातशे वर्षांपूर्वीची इमारत कशी चालायची हे तिने दारात उभं राहून सांगितलं. मी तेव्हापासून असली बांधकामं वेगळ्या नजरेने बघते, आणि जिथे जाईन तिथे आधी तळखडे शोधते.

परत येताना गाडीत आम्ही हाच विचार करत होतो की त्यांना खळ्यावर छप्पर का लागलं आणि आपल्याला का नाही. उत्तर पावसात आहे. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिकडे सातशेच्या आसपास, म्हणजे आपल्या पाचव्या हिश्श्याएवढा. पण आपला पाऊस चार महिन्यांत सगळं ओतून मोकळा होतो आणि भात कापायच्या वेळेला आभाळ स्वच्छ. आपण शेणाने सारवलेलं खळं उघड्यावर करतो, झोडतो, वारवतो, महिन्याभरात काम संपतं. तिकडे पाऊस थोडा पण कधीही. गहू कापून पेंढ्या आत भरायच्या आणि मग सगळा हिवाळा, बाहेर चिखल असो बर्फ असो, थोडं थोडं झोडत बसायचं. म्हणून त्यांनी खळ्यालाच घर बांधलं. भरलेली गाडी बैलघोड्यांसकट आत शिरेल एवढं उंच दार, एका बाजूने भरलेली आत आणि दुसऱ्या बाजूने रिकामी बाहेर. अजून एक, तिकडच्या कित्येक जुन्या कोठारांत वरच्या तिकोन्या भिंतीत एक छोटं भोक ठेवलेलं असतं, घुबडाला यायजायला. उंदीर खायला घुबड हवंच म्हणून त्याला वाट करून दिलेली. आपल्याकडे घुबड बसलं तर दगड मारतात. आईला ते भोक फार आवडलं.

ते कोठार ज्या इस्टेटीत आहे तिची गोष्टही सांगण्यासारखी आहे. बस्कॉट आणि कोल्सहिल अशा शेजारशेजारच्या दोन जहागिऱ्या. थॉमस कुकचं नाव आपल्याकडे टूरवाल्या कंपनीमुळे सगळ्यांना माहीत आहे, त्या थॉमस कुकच्या नातवाने, अर्नेस्ट कुकने, कंपनी विकून आलेल्या पैशांतून जुन्या जहागिऱ्या विकत घेतल्या, आणि या दोन त्याच्या मृत्युपत्राने १९५० च्या दशकात नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या तिकडच्या संस्थेकडे, गेल्या. कोल्सहिलला जमीनदाराचा मोठा सतराव्या शतकातला बंगला होता, वास्तुकलेच्या पुस्तकांत नाव असलेला. १९५२ साली तो जळाला आणि नंतर पाडला. पण १८५० च्या दशकात त्याच जमीनदाराच्या घराण्याने उतारावर बांधलेलं मोठं आदर्श शेतघर, म्हणजे गोठे, कोठारं, गाडीखाने एका चौकाभोवती, ते अजून उभं आहे, त्यात आता छोटे उद्योग चालतात. बंगला गेला, गोठे राहिले. मला हे वाचल्यापासून विसरता येत नाही.

आणि तिकडच्या जमीनदारांनी गोठ्यांसाठी नावाजलेले वास्तुकार लावले होते. जॉन सोन, ज्याने बँक ऑफ इंग्लंड बांधली, त्याच माणसाने १७९० च्या दशकात केंब्रिजजवळच्या विम्पोल इस्टेटीवर गुरांचे गोठे आणि लाकडी सांगाड्याचं, शाकारलेल्या छपराचं मोठं कोठार बांधलं. ती इस्टेट १९७६ साली नॅशनल ट्रस्टला दिली एल्सी बॅम्ब्रिज बाईंनी, म्हणजे रुडयार्ड किपलिंगची मुलगी, आणि किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईचा, जे. जे. स्कूलच्या आवारातला. नोकरचाकरांचं आणि जनावरांचं काम चालायची जागासुद्धा नीट विचार करून बांधायची असते हे तिकडे कागदावर आलं, नकाशे राहिले, वास्तुकाराचं नाव राहिलं. आपल्याकडे वाडा बांधणाऱ्या गवंड्याने आणि सुताराने तेवढाच विचार केलेला होता, फक्त त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

माझ्या आजोळी, मंडणगडच्या बाजूला, घरामागे असाच वाडा होता. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सकाळी अकरापासून दुपारपर्यंत जे काही झालं त्यात दापोली मंडणगड श्रीवर्धन हा सगळा पट्टा झोपला, आगरंच्या आगरं आडवी झाली. आमच्या वाड्यावर माड पडला, आढं म्हणजे छपराचं मधलं मोठं लाकूड मोडलं, कौलं एकावर एक कोसळली. मामांनी वर्षभर ताडपत्री टाकून ठेवली, मग मजूर मिळेना, कौलं मिळेनात, गुरंही कमी झालेली, शेवटी चिरे, म्हणजे भिंतीचे जांभ्याचे दगड, विकले आणि तिथे पत्र्याची शेड केली. मामांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आईने त्यानंतर माहेरी गेल्यावर मागच्या दाराला जाणं सोडलं, हे मी बघितलंय.

म्हणून या होमस्टेचा वाडा बघितल्यावर पहिला प्रश्न मी काकांना हाच विचारला की निसर्ग वादळात तुमचं काय झालं. तेच झालं होतं. अर्धं छप्पर गेलं. काकांनी काय केलं, तर आसपासच्या चार-पाच वाड्यावस्त्यांत फिरून पडक्या घरांची धड राहिलेली मंगलोरी कौलं गोळा केली, कुणी फुकट दिली कुणी दोन-पाच रुपयाला, आणि दीड पावसाळा ती शेणकईच्या, म्हणजे शेणखताच्या खड्ड्याच्या, बाजूला रचून ठेवली. त्यामुळे छपरावर आज चार प्रकारचे रंग दिसतात, विटकरी, काळपट, शेवाळी, एक कोपरा जवळजवळ गुलाबी. काही कौलांच्या पोटावर जुन्या कारखान्यांचे शिक्के आहेत, मुलाने शिडीवर चढून ते वाचून दाखवले. ही कौलं आपण मंगलोरी म्हणतो कारण १८६५ साली बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी मंगळूरला असल्या कौलांचा कारखाना काढला आणि गलबतांतून ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं आणि त्याहीआधी गवत-पेंढ्याने शाकारलेलं. काकांनी मोडलेलं आढं आईनाचंच नवीन घातलं, आणि जुन्याचा चांगला राहिलेला तुकडा दाराच्या वरची पट्टी म्हणून वापरलाय. नवीन आढ्याला मुद्दाम रंग दिलेला नाही. काका म्हणाले नवीन ते नवीन दिसू दे, दहा वर्षांत आपोआप काळं होईल.

आता तक्रार. कोठीतली खोली.

कोठी म्हणजे घराच्या पडवीला लागून असलेली भात साठवायची जागा, जमिनीपासून कमरेएवढी उंच चौथऱ्यावर, उंदीर आणि ओल दोन्ही टाळायला. बांधणी वाड्याइतकीच सुरेख असणार. पण हिचं काम वाड्याच्या आधी झालं आणि ते काकांनी एका कंत्राटदाराला अंगावर दिलं होतं. त्याने सगळे सांधे खरवडून सिमेंटने भरले, आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट, छपराखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं सीलिंग. पहिल्या दिवशी दिसायला चकाचक. आता पाच वर्षांनी आत गेलं की कुबट वास येतो, भिंतीच्या खालच्या तीन फुटांत रंगाचे फुगे आलेत, बोटाने दाबला की आतून लाल पूड सांडते. बाहेरून तर जास्त वाईट वाटतं, सिमेंटच्या रेघा तशाच पुढे आलेल्या आणि त्यांच्यामधला चिरा आत झिजत चाललेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

हे का होतं ते आपल्या भागात घर असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जांभा खाणीतून काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टरने मलबारात हेच बघून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेवरून लॅटराइट असं नाव दिलं. पण घट्ट झाला तरी तो भोकाभोकांचाच दगड, पाणी पितो. पावसाळ्यात प्यायलेलं पाणी त्याला पुढचे आठ महिने सोडायचं असतं. सांधा मातीचा किंवा चुन्याचा असेल तर पाणी सांध्यातून निघून जातं, झिजला तर सांधा झिजतो, तो पुन्हा भरता येतो. सांधा सिमेंटचा असला की पाण्याला तिकडून वाट नाही, मग ते चिऱ्याच्या तोंडातून बाहेर पडतं आणि जाताना चिऱ्याला घेऊन जातं. त्यावर आतून ऑइलपेंट म्हणजे रेनकोट घालून पळायला लावण्यासारखं. इंग्लंडमध्येही विसाव्या शतकात जुन्या दगडी-विटांच्या इमारतींना हेच सिमेंट भरून हेच नुकसान झालं. तिकडे जुन्या इमारती वाचवणारी संस्था आहे, विल्यम मॉरिसने १८७७ साली सुरू केलेली, ती आजही घसा फोडून हेच सांगते की चुना वापरा, थोडं थोडं दुरुस्त करत राहा, मोडून नवीन करू नका. हा मॉरिस त्या ग्रेट कॉक्सवेलच्या कोठारापासून जवळच केल्म्सकॉट गावात राहायचा आणि त्याचा त्या कोठारावर फार जीव होता.

काकांना हे सगळं आता माहीत आहे, त्यांनी स्वतःच दाखवलं, लपवलं नाही. वाड्याच्या वेळी त्यांनी कंत्राटदार नाही घेतला, गावातला एक सत्तरीचा गवंडी आणि त्याचा पुतण्या असे दोघं मिळून चुन्यात काम केलंय. कोठीचं सिमेंट या उन्हाळ्यात काढायचं म्हणतायत. ते काढलं की मी स्वतः जाऊन बघणार आणि इथे लिहिणार. तोपर्यंत दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असेल त्यांनी ती खोली घेऊ नये. ती एसीची आहे म्हणून शंभर लोक तीच मागतात, काकू म्हणाल्या, पण एसीची गरज तिथे सीलिंगमुळे लागते, वाड्यात लागत नाही.

बाकी गोष्टी पटापट. खोलीचं भाडं दिवसाला चोवीसशे, नाश्ता धरून. बाथरूम वाड्याला मागे नवीन बांधलंय, स्वच्छ आहे, गरम पाणी बंबाचं, सकाळी सहा ते नऊ. नेटवर्क एकाच कंपनीचं येतं तेही खळ्यात. रस्त्यापासून घरापर्यंत पाखाडी उतरून जावं लागतं, साठेक पायऱ्या, जांभ्याच्या, शेवाळ असतं आणि धरायला काही नाही. माझी आई उतरली पण मला तिचा हात सोडवेना. तिथे एका बाजूला बांबूचं कठडं तरी करा असं सांगून आलेय. पावसात म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. डास संध्याकाळी आहेत, मच्छरदाणी देतात. जेवण काकू स्वतः करतात, घावणे आणि नारळाचा रस, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव असतो तिथून काका मासे आणतात, आम्हाला बांगडे आणि मांदेली मिळाली. चव घरची. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा, मुलाला थोडं लागलं.

आणि सोमवारची सकाळ. खळ्यात भाताची उडवी, म्हणजे पेंढ्यांची रास, रचलेली होती, आम्ही आल्यापासून बघत होतो. रविवारी संध्याकाळी काकूंनी खळं सारवून घेतलं. सोमवारी सातला काका आणि शेजारचे दोघं झोडायला लागले, लाकडाच्या ओंडक्यावर पेंढी आपटायची, दोन, तीन, चार वेळा, उलटी करून पुन्हा, आणि रिकामा पेंढा मागे टाकायचा. आम्ही नऊला निघणार होतो. नऊ वाजले तरी आई खळ्याच्या कडेलाच उभी. दहाच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुरू झाला, माडांच्या झावळ्या एका बाजूला वळल्या, आणि काकूंनी सूप उचललं. आई म्हणाली, "द्या हो इकडे, बघते येतंय का अजून." पदर खोचला, सूप भरून डोक्याच्या वर धरलं, आणि तिरकं केलं. कॉक्सवेलच्या दारात रिकामा धरला होता तसाच हात. दाणा सरळ पायाशी पडायला लागला आणि भूस उडत उडत वाड्याच्या भिंतीपर्यंत गेलं. मुलगा मधेच उभा होता त्याच्या केसांत सगळं भूस, त्याला काकूंनी हाताला धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन उभं केलं.

आम्ही चिपळूणला पोचलो ते संध्याकाळी सातला. काकूंनी आईला पायलीभर नवीन तांदूळ बांधून दिलेत. पुढच्या वर्षीच्या झोडणीला बोलावलंय, आणि आईने घरातलं जुनं सूप माळ्यावरून काढून कासाराच्या बाजूच्या बुरुडाकडे कड बांधायला टाकलंय.